डासांच्या पेशींवर डेंगीचा विषाणू वाढत नाही, तेव्हा नेमके काय तपासावे

मुंबईत पावसाळा सरत आला की डेंगीच्या रुग्णांचे नमुने सर्वाधिक येतात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत प्रयोगशाळांतून एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. एनएस१ (डेंगीच्या विषाणूचे एक प्रथिन) चाचणीत पॉझिटिव्ह ठरलेले सीरम सी६/३६ या डासांच्या पेशींवर टाकले जाते, सात दिवस वाट पाहिली जाते, वरचे माध्यम (पोषक द्रव) नव्या फ्लास्कमध्ये घालून आणखी एक पॅसेज (वाढीची फेरी) दिला जातो, तरीही सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जशाच्या तशा, गोल, टवटवीत आणि निर्विकार दिसतात. मग कोणी रुग्णालयाच्या फ्रीजला दोष देतो, कोणी माध्यमात घालायच्या वासराच्या सीरमच्या नव्या बाटलीला, आणि कोणी ‘पेशी म्हाताऱ्या झाल्या’ असे म्हणून गोठवलेल्या पेशींची नवी व्हायल (छोटी कुपी) वितळवतो. नव्या व्हायलने काही दिवस बरे चालते आणि पुढच्या हंगामात तक्रार पुन्हा उभी राहते, कारण मूळ बिघाड शोधलेलाच नसतो.

या तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असतात. विषाणू पेशींपर्यंत जिवंत पोहोचलाच नाही, ही पहिली. तो जिवंत पोहोचला, पण पेशींनी त्याला वाढू दिले नाही, ही दुसरी. तो व्यवस्थित वाढला, पण आपल्याला दिसला नाही, ही तिसरी. पेशींची ग्रहणशीलता कमी झाली असे म्हणण्याचा अधिकार केवळ दुसऱ्या प्रकारात आहे. व्यवहारात मात्र तिन्ही प्रकारांना हेच नाव दिले जाते, म्हणून तिसऱ्यापासून सुरुवात करणे सर्वांत स्वस्त पडते.

लागण झाली की नाही हे नजरेने ठरवू नये

सस्तन प्राण्यांच्या पेशींवर काम करून आलेल्या माणसाची अपेक्षा असते की विषाणू वाढला म्हणजे पेशी मरतील, सुटतील, थराला भोके पडतील. डासांच्या पेशी ही अपेक्षा बहुधा पूर्ण करत नाहीत. चिकुनगुन्याचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडापासून केलेल्या व्हेरो पेशींचा थर दोन-तीन दिवसांत उद्ध्वस्त करतो, तर सी६/३६ पेशींत तो भरपूर वाढूनही पेशी पुष्कळदा शाबूत दिसतात. डेंगीच्या बाबतीत पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या बहुकेंद्रकी पेशी, म्हणजे सिन्सिशिया, तयार होऊ शकतात. पण ते विषाणूच्या स्ट्रेनवर, पेशींच्या उपशाखेवर आणि माध्यमाच्या आम्लतेवर अवलंबून असते. डासाच्या शरीरातही हेच घडते: एडिसची मादी एकदा बाधित झाली की आयुष्यभर विषाणू वाहते आणि तरी उडत, चावत, अंडी घालत राहते. तिच्या पेशींनी फ्लास्कमध्ये निराळे वागावे अशी अपेक्षा धरायला काही आधार नाही.

आम्लतेचा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. फ्लॅव्हिव्हायरसच्या, म्हणजे डेंगीच्या कुळातील विषाणूंच्या, आवरणावरील ई प्रथिन आम्लधर्मी वातावरणात आपला आकार बदलते आणि पटलांचे मीलन घडवते. पेशीच्या आत शिरताना विषाणू हीच क्रिया वापरतो. बाधित पेशींच्या पृष्ठभागावर हे प्रथिन असेल आणि माध्यम आम्लाकडे झुकले असेल, तर शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत मिसळतात. त्यामुळे ग्लुकोज असलेल्या एमईएम माध्यमात, घट्ट बुचाच्या फ्लास्कमध्ये, दाट वाढलेल्या पेशींत सिन्सिशिया ठळक दिसतात. लायबोविट्झ एल-१५ माध्यमात ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज असल्याने आम्ल कमी साचते, आणि तोच विषाणू तितकाच वाढूनही तिथे चित्र निस्तेज दिसू शकते. प्रयोगशाळेने मधल्या काळात माध्यम बदलले असेल आणि त्याच सुमारास ‘पेशी प्रतिसाद देईनाशा झाल्या’ असतील, तर संशय प्रथम या बदलावर घ्यावा.

म्हणून निकाल इम्युनोफ्लुरोसन्सने (चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी विषाणूचे प्रथिन दाखवून) किंवा आरटी-पीसीआरने (विषाणूचा आरएनए मोजून) द्यावा. पाचव्या आणि सातव्या दिवशी पेशींचा एक थेंब स्लाइडवर वाळवून, थंड ॲसिटोनमध्ये स्थिर करून, ४जी२ या फ्लॅव्हिव्हायरस-समूहाच्या मोनोक्लोनल प्रतिपिंडाने आणि पुढे डेंगीच्या चार प्रकारांच्या स्वतंत्र प्रतिपिंडांनी तपासावा. पीसीआर करताना केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे पाहून भागत नाही. रुग्णाच्या सीरममधील आरएनए सात दिवसांनीही थोडाफार सापडू शकतो. म्हणून लागण केल्या दिवशीचे आणि सातव्या दिवशीचे सीटी मूल्य (ते जितके कमी तितका आरएनए जास्त) शेजारी मांडावे. मूल्य ठळकपणे खाली आले असेल तर विषाणू वाढला. ते तिथेच असेल किंवा वर गेले असेल, तर आपण फक्त टाकलेला विषाणू परत मोजत आहोत.

दोन पेशीसाठे आणि एक ओळखीचा विषाणू

दृश्य विकृती बाजूला ठेवून मोजणी केली आणि तरीही वाढ दिसली नाही, की खरा प्रश्न सुरू होतो. तो सोडवण्यासाठी तीन गोष्टी आधीपासून फ्रीझरमध्ये असायला हव्यात: टायटर, म्हणजे विषाणूचे प्रमाण, माहीत असलेल्या संदर्भ डेंगी विषाणूच्या लहान लहान व्हायल, उणे ८० अंशांवर, सी६/३६ पेशींचा सुरुवातीच्या पॅसेजचा साठा, द्रव नायट्रोजनमध्ये, आणि तो साठा केव्हा, कोठून आणि कितव्या पॅसेजला आला याची नोंद. तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी नसते. व्हायलवर ‘सी६/३६’ आणि कोणाच्या तरी सहीची आद्याक्षरे असतात, आणि ती व्यक्ती नोकरी सोडून गेलेली असते.

चाचणी अशी करावी. संदर्भ विषाणू दहा-दहा पटींनी पातळ करत न्यावा आणि प्रत्येक पायरी एकाच दिवशी, एकाच माध्यमात, एकाच इन्क्युबेटरमध्ये, चालू वापरातील पेशींवर आणि जुन्या साठ्यातून उठवलेल्या पेशींवर टाकावी. लागण कोणत्या पायरीपर्यंत सापडते ते दोन्हीकडे पाहावे. जुन्या पेशींत शेवटची पायरी पूर्वीइतकीच लांब जाते आणि चालू पेशींत ती एक-दोन पायऱ्या अलीकडे थांबते, असे दिसले तर दोष चालू पेशींत आहे. दोन्हींत ती सारखीच अलीकडे आली असेल, तर दोष दोघींना समान असलेल्या गोष्टींत, म्हणजे तापमान, माध्यम, सीरम किंवा संदर्भ विषाणूच्या साठवणीत, शोधावा. दोन्हींत काहीच घसरण नसेल, तर पेशी निर्दोष आहेत आणि चौकशी नमुन्यांकडे वळवावी. या एका चाचणीने पुढचे बरेच श्रम वाचतात. ती टाळून एकाच वेळी माध्यम, सीरम आणि पेशी बदलणाऱ्याला, प्रश्न सुटला तरी तो कशाने सुटला हे कधीच कळत नाही.

संदर्भ विषाणूबद्दल एक सावधगिरी. तो पातळ न करता त्याच पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवत नेला असेल, तर त्यात अपुऱ्या जीनोमचे कण साचतात आणि ते पूर्ण विषाणूच्या वाढीत अडथळा आणतात. असा साठा मोजपट्टी म्हणून वापरू नये.

अठ्ठावीस अंश आणि मुंबईची हवा

घसरण दोन्ही पेशींत सारखी असेल तर मुंबईत सर्वप्रथम तापमान पाहावे. सी६/३६ पेशी २८ अंश सेल्सिअसला वाढवल्या जातात. केवळ हीटर असलेला इन्क्युबेटर खोलीच्या तापमानापेक्षा खाली जाऊ शकत नाही, ही साधी गोष्ट थंड हवेच्या गावात लक्षातही येत नाही. परळ किंवा शीवसारख्या भागात, मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात, वातानुकूलन संध्याकाळी बंद झाल्यावर खोली तीस-बत्तीस अंशांवर जाते आणि २८ वर लावलेला इन्क्युबेटर निमूटपणे खोलीबरोबर वर चढतो. सकाळी वातानुकूलन सुरू झाले की पटलावर पुन्हा २८ दिसते. उलट, चोवीस तास थंड ठेवलेल्या खोलीत उघड्या कपाटात फ्लास्क ठेवण्याची पद्धत असेल, तर पेशी बावीस-तेवीस अंशांवर राहतात, विषाणूची वाढ मंदावते आणि सातव्या दिवशी जे दिसायला हवे ते दहाव्या-बाराव्या दिवशीही दिसत नाही.

उपाय अवघड नाही. कॉम्प्रेसर असलेला बीओडी इन्क्युबेटर वापरावा, आणि त्याच्या पटलावर विसंबून न राहता पाण्याने भरलेल्या बाटलीत कमाल-किमान तापमापी बुडवून ती फ्लास्कशेजारी ठेवावी. हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे बदलत नाही. वीज गेल्यानंतर कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो की कोणी बटण दाबावे लागते, हेही एकदा तपासून घ्यावे.

या पेशी कोणत्या?

दोष चालू पेशींपुरता मर्यादित आढळला, तर त्या खरोखर सी६/३६ आहेत का, हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. या पेशींची वंशावळ आपल्या शेजारचीच आहे. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती यांच्या नुकत्याच अंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्यांपासून दोन सेल लाइन्स (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींचे वंश) उभ्या केल्या. अल्बोपिक्टसची लाइन जगभर गेली. जपानी विषाणुशास्त्रज्ञ इगाराशी यांनी १९७८ मध्ये तिच्यातून सी६/३६ हा क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेली उपशाखा) निवडला, तो डेंगी आणि चिकुनगुन्याच्या विषाणूंना अधिक संवेदनशील होता म्हणूनच. त्याच मूळ लाइनमधून यू४.४ हाही क्लोन आला, आणि दोघांच्या व्हायलवर ‘एडिस अल्बोपिक्टस’ एवढेच लिहिलेले असू शकते.

या दोघांतला फरक नावापुरता नाही. कीटकांच्या पेशी विषाणूचा दुहेरी धाग्याचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांच्या आधारे विषाणूचा आरएनए शोधून नष्ट करतात. हे तुकडे करणारे विकर (एन्झाइम) म्हणजे डायसर-२. सी६/३६ पेशींत त्याच्या जनुकात एका अक्षराची उणीव आहे, त्यामुळे वाचनाची चौकट सरकते आणि प्रथिन अर्धवट राहते. या पेशींत ही यंत्रणा नीट चालत नाही, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले. सी६/३६ ची प्रसिद्ध ग्रहणशीलता बऱ्याच अंशी या व्यंगातून आली आहे. यू४.४ पेशींत आणि एडिस इजिप्तीच्या एएजी२ पेशींत ही यंत्रणा कार्यरत असते. म्हणजे एखाद्या सहकाऱ्याने सद्भावनेने दिलेल्या ‘अल्बोपिक्टस’ पेशी निरोगी, शुद्ध आणि तरीही आपल्या कामाला कमी उपयोगी असू शकतात. रोगनिदानासाठी रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा करायचा असेल तर व्यंग असलेली पेशीच हवी. डास विषाणूला कसा आवर घालतो याचा अभ्यास करायचा असेल तर तीच पेशी दिशाभूल करते.

येथे एक समजूत दूर करणे भाग आहे. मुंबईत डेंगी पसरवणारा मुख्य डास एडिस इजिप्ती, म्हणून त्याच्याच पेशी सर्वांत ग्रहणशील असतील, असे विद्यार्थी धरून चालतात. डासाची वाहकता आणि त्याच्या पेशींची ग्रहणशीलता यांचा असा सरळ संबंध नाही. जिवंत डासात विषाणूला आधी मध्यांत्राची भिंत ओलांडावी लागते आणि मग लाळग्रंथींत शिरावे लागते; फ्लास्कमध्ये या दोन्ही अडचणी नसतात. टॉक्सोऱ्हिन्काइटिस जातीचा डास तर रक्तच पीत नाही, त्यामुळे तो डेंगी पसरवू शकत नाही. तरीही टॉक्सोऱ्हिन्काइटिस अँबॉइनेन्सिसपासून केलेली टीआरए-२८४ ही लाइन डेंगीच्या विषाणूला चांगलीच ग्रहणशील आहे.

ओळख पटवण्यासाठी मायटोकॉन्ड्रियातील सायटोक्रोम ऑक्सिडेज जनुकाचा तुकडा वाचून घ्यावा. त्याने प्रजाती कळते. अल्बोपिक्टसचे दोन क्लोन मात्र त्याने वेगळे होत नाहीत, त्यासाठी डायसर-२ मधील ती उणीवच वाचावी लागते. पेशींची अदलाबदल ही काल्पनिक भीती नाही. ग्रेस यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एडिस इजिप्तीच्या लाइनच्या नावाने फिरणाऱ्या पेशी पुढे विकरांच्या तपासणीत पतंगाच्या निघाल्या होत्या, आणि ग्रेस यांच्या प्रयोगशाळेत पतंगाची लाइन आधीपासून वाढत होती.

पेशींत आधीच कोणी राहत असेल तर

ओळख पटली, तापमान ठीक, माध्यम तेच, आणि तरी चालू पेशी जुन्या साठ्याच्या मागे पडतात, तेव्हा माझ्या मते सर्वाधिक संभवनीय कारण हेच असते, आणि सर्वांत कमी वेळा तपासले जाते तेही हेच. डासांच्या पेशी विषाणूसह सुखाने जगतात, हे वर म्हटलेच आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की त्या एखाद्या विषाणूसह वर्षानुवर्षे जगत असतील आणि आपल्याला सुगावाही लागणार नाही.

याचे पहिले ठळक उदाहरण १९७५ चे आहे. स्टोलर आणि थॉमस यांनी एडिस इजिप्तीच्या एका लाइनमधील माध्यम सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींवर घातले, तेव्हा त्या पेशी भराभर एकमेकींत मिसळल्या. मूळ इजिप्ती पेशी मात्र ठणठणीत होत्या. त्यातून सापडलेला सेल फ्युजिंग एजंट विषाणू हा फ्लॅव्हिव्हायरसांचाच नातलग, पण तो पृष्ठवंशीय प्राण्यांच्या पेशींत वाढत नाही. आज एएजी२ पेशींत हा विषाणू आणि फासी चारोन-सदृश विषाणू हे दोन्ही कायमचे मुक्कामी असल्याचे माहीत आहे. सी६/३६ च्या काही साठ्यांत डेन्सोव्हायरस आढळले आहेत. अशा मुक्कामी विषाणूंचा परिणाम एकसारखा नसतो: काही डेंगीसारख्या विषाणूच्या वाढीला फारसा धक्का लावत नाहीत, तर काही ती स्पष्टपणे दाबतात. ऑस्ट्रेलियात सापडलेला पाम क्रीक विषाणू आधी वस्तीला असेल तर सी६/३६ पेशींत वेस्ट नाइलचा विषाणू कमी वाढतो, हे २०१३ मध्ये दाखवले गेले आहे. खुद्द डेंगीची जुनी, दबलेली लागण असलेल्या पेशी नव्या डेंगी विषाणूला दाद देत नाहीत, हे तर ओघानेच आले.

हे पाहुणे येतात कोठून? बहुधा डासांच्या नमुन्यांतून. पावसाळ्यात वस्त्यांमधून गोळा केलेले डास वाटून त्यांचा अर्क सी६/३६ पेशींवर टाकला जातो, आणि शहरातल्या एडिस-क्युलेक्स डासांत कीटकांपुरते मर्यादित विषाणू असतातच. तो फ्लास्क आणि पेशी वाढवण्याचा फ्लास्क एकाच हुडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात), एकाच बाटलीतील माध्यमाने हाताळले गेले की काम झाले. सी६/३६ पेशी सोडवायला ट्रिप्सिन लागत नाही, फ्लास्कला टपली मारून किंवा खरवडून त्या सुटतात, आणि या क्रियेत उडणारे सूक्ष्म तुषार कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. त्यामुळे डासांच्या अर्काचे काम आणि पेशी वाढवण्याचे काम यांच्यासाठी वेगळे हुड हवेत. जागेअभावी ते शक्य नसेल तर दिवस तरी वेगळे असावेत, निरोगी पेशी आधी आणि अर्क सर्वांत शेवटी हाताळावेत, आणि माध्यमाच्या बाटल्या कोणत्याही परिस्थितीत सामाईक नसाव्यात.

तपासणीसाठी लागण न केलेल्या चालू पेशींतून आरएनए काढून फ्लॅव्हिव्हायरस-समूहाच्या एनएस५ जनुकाच्या प्रायमरने (पीसीआर सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याने) पीसीआर करावा आणि जे काही वाढेल त्याचा क्रम वाचावा. डेन्सोव्हायरस डीएनएचा असल्याने त्याची स्वतंत्र पीसीआर लागते. खर्च परवडत असेल तर लहान आरएनएचे संपूर्ण सिक्वेन्सिंग एकदा करून घेणे उत्तम, कारण त्यात आपण नाव घेऊन न शोधलेले विषाणूही दिसतात. मायकोप्लाझ्माची चाचणी याच वेळी उरकावी. हा सूक्ष्म जिवाणू पेशींचे अन्न, विशेषतः आर्जिनिन, खातो आणि पेशी न मारता त्यांना कमकुवत करतो. एखाद्या संस्थेत वोल्बाकियावरही काम चालत असेल, तर त्या जिवाणूची चाचणी वगळू नये. सी६/३६ पेशींत तो नसतो, पण शिरला तर डेंगीचा विषाणू दाबतो, आणि डेंगी-नियंत्रणात त्याचा उपयोग केला जातो तो याच गुणामुळे.

मुक्कामी विषाणू निघाला तर पेशी ‘बऱ्या’ करण्याच्या फंदात पडू नये. प्रतिजैविकांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. फ्लास्क ऑटोक्लेव्ह करावेत, हुड आणि इन्क्युबेटर निर्जंतुक करावेत, आणि जुन्या साठ्यातून, तोही आधी तपासून, नव्याने सुरुवात करावी.

सीरमचे दोन प्रश्न

सीरमबद्दल थोडक्यात. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत जात नाहीत. ती वासराला जन्मानंतर चिकातून मिळतात. म्हणून गर्भातील वासराचे सीरम साधारणपणे प्रतिपिंडांपासून मुक्त असते, तर स्वस्त म्हणून घेतलेल्या नवजात वासराच्या किंवा मोठ्या जनावराच्या सीरममध्ये जपानी मेंदूज्वरासारख्या फ्लॅव्हिव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडे असू शकतात, आणि ५६ अंशांवर अर्धा तास तापवल्याने ती जात नाहीत. दुसरा प्रश्न कोलेस्टेरॉलचा आहे. कीटकांच्या पेशी ते स्वतः बनवत नाहीत, सीरममधून घेतात, आणि फ्लॅव्हिव्हायरसांना पटलांवर आपले बस्तान बसवायला ते लागते. सीरमचे प्रमाण दीर्घकाळ खूप खाली आणले तर पेशी तग धरतात, पण विषाणूची वाढ खालावू शकते. प्रत्येक नवी बाटली संदर्भ विषाणूवर तपासूनच वापरात घ्यावी.

पेशी निर्दोष निघाल्या तर

आता नमुन्याकडे. एनएस१ पॉझिटिव्ह म्हणजे जिवंत विषाणू असे समीकरण मांडता येत नाही. हे प्रथिन रक्तातील विषाणू ओसरल्यावरही काही दिवस सापडते. मुंबईत अनेक प्रौढांना पूर्वी कधीतरी डेंगी होऊन गेलेला असतो; त्यांच्यात प्रतिपिंडे लवकर आणि जोरात वाढतात आणि विषाणूला निष्प्रभ करतात. तापाच्या पाचव्या दिवसानंतरचे, आयजीएम (लागणीनंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह झालेले सीरम पेशींवर टाकून निष्पन्न काही होत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांचेच नमुने निवडावेत आणि अर्जावर ‘तापाचा दिवस’ हा रकाना सक्तीचा करावा. सीरम थेट न टाकता दहा-वीस पट पातळ करावे, कारण घट्ट सीरम पेशींना विषारी ठरते आणि त्यातील प्रतिपिंडेही तेवढीच घट्ट असतात. उणे २० अंशांच्या, बर्फ आपोआप वितळवणाऱ्या घरगुती धाटणीच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर राहिलेला नमुना पीसीआरला चालेल, पेशींना नाही. तासाभरात बर्फावर पोहोचणार असेल तर तो गोठवूच नये. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तरच उणे ८० वर ठेवावा आणि एकदाच वितळवावा.

शेवटी एक काम जुन्या नोंदींबाबत करावे लागते. पेशींत फ्लॅव्हिव्हायरस-कुळातील मुक्कामी विषाणू सापडला असेल, तर त्या काळात केवळ एनएस५ समूह-प्रायमरने किंवा केवळ सिन्सिशिया पाहून ‘विषाणू मिळाला’ अशी नोंद झालेले सर्व नमुने पुन्हा उघडावेत. असा विषाणू ४जी२ प्रतिपिंडाशी सहसा जुळत नाही आणि व्हेरो किंवा बीएचके-२१ या सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढत नाही. त्यामुळे साठवलेले माध्यम त्या पेशींवर टाकून आणि डेंगीच्या चार प्रकारांची स्वतंत्र पीसीआर करून खरे कोणते आणि पेशींच्याच पोटातले कोणते हे वेगळे करता येते. ज्या नोंदी टिकणार नाहीत त्या रद्द कराव्यात आणि ज्यांना त्या अहवालाच्या प्रती गेल्या असतील त्यांना तसे लेखी कळवावे.